घरातला फ्रीज: तक्रार वेळेत कशी ओळखायची आणि तो जास्त वर्षं कसा टिकवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि आसपासच्या गावांत मी गेली पंचवीस वर्षं फ्रीज दुरुस्त करतो. घरोघरी लोक तेच प्रश्न विचारतात. घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मनापासून वाटतं ते असं, की बरेचसे फ्रीज जुने होऊन मरत नाहीत. त्यांना उष्णता बाहेर टाकायला जागा मिळत नाही आणि सुरुवातीच्या खुणांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

फ्रीज बिघडायला लागलाय हे आधी कशावरून कळतं?

स्वयंपाकघरातल्या माणसाला ते माझ्याआधी कळतं, फक्त त्याला फ्रीजची तक्रार म्हणून कुणी ओळखत नाही. लोण्यासाठी साठवलेली साय नेहमी आठवडाभर चांगली राहायची, ती चौथ्या दिवशी कडवट लागते. रात्री ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळी फुगून डब्याबाहेर येतं. कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते. "दूधच खराब येतंय" म्हणून लोक दूधवाला बदलतात आणि महिन्याभराने मला फोन करतात.

दुसरी खूण म्हणजे कॉम्प्रेसर, म्हणजे थंडावा देणारा गॅस नळ्यांतून फिरवणारा पंप, थांबत नाही. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काही वेळ चालतो, मग बंद पडतो आणि पुन्हा लागतो. रात्री सगळं शांत झाल्यावर दहा मिनिटं कान देऊन ऐका. दार बंद असताना तो तासन् तास अखंड चालत असेल तर काहीतरी बिघडलंय. इन्व्हर्टर फ्रीजला, म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो त्याला (घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे), मात्र हा नियम लावू नका. त्याचा कॉम्प्रेसर कमी वेगाने बराच वेळ चालत राहतो, ते त्याच्या रचनेतच आहे.

खात्री करायची असेल तर साधा थर्मामीटर घ्या, ताप मोजायचा नव्हे. मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडं कमी असेल तर उत्तम. ७-८ अंश दाखवत असेल तर अन्न लवकर नासणारच. फ्रीझर उणे १८ च्या आसपास हवा.

फ्रीजच्या दोन्ही बाजू हाताला चटका बसेल इतक्या गरम लागतात. काही धोका आहे का?

बहुतेक वेळा नाही. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतल्या अन्नातली उष्णता उपसतो आणि बाहेर फेकतो. विहिरीतून पाणी शेंदावं तसं. पूर्वी ही उष्णता टाकायला मागे काळी जाळी असायची. आताच्या बहुतेक फ्रीजमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, म्हणून पत्रा तापतो. उन्हाळ्यात, नवीन फ्रीज लावल्यावर किंवा एकदम खूप सामान भरल्यावर जास्तच तापतो.

काळजी कधी करायची? बाजू तापल्यात, कॉम्प्रेसर थांबत नाही आणि आत थंडावाही नाही, असं तिन्ही एकत्र असेल तेव्हा. उलट आत थंड नाही आणि बाजूही गार आहेत, तर कॉम्प्रेसर चालूच होत नसेल किंवा गॅस गेला असेल.

मग भिंतीपासून किती लांब ठेवायचा?

मागे वीतभर मोकळं ठेवा, बाजूला किमान चार बोटं आणि वरही तेवढंच. नेमका आकडा तुमच्या फ्रीजबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतो, तो पाळा.

इथे मला कळकळीने सांगायचंय. हल्ली मॉड्युलर किचनमध्ये सुतार फ्रीजच्या मापाचं कपाट करतो आणि फ्रीज त्यात घट्ट बसवतो. दिसायला सुरेख, पण उष्णता जाणार कुठे? तो रात्रंदिवस धापा टाकतो. कपाट करायचंच असेल तर वर-खाली हवा खेळायला झरोके ठेवायला सांगा. तसंच ते प्लॅस्टिकचं किंवा विणलेलं कव्हर. वरचा भाग झाकलात तर चालेल, पण दोन्ही बाजूंनी खाली लोंबणारं कव्हर म्हणजे मे महिन्यात माणसाला घोंगडी पांघरणं. काढून टाका. गॅसच्या शेगडीला लागून आणि दुपारचं ऊन येणाऱ्या खिडकीसमोर फ्रीज नको.

मागे उघडी जाळी असेल तर वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि गुढीपाडव्याच्या साफसफाईत, प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. फोडणीचा तेलकटपणा आणि धूळ मिळून जाळीवर जाड थर बसतो. नुसती जाळी पुसून "कूलिंग आलं" असं किती घरांत झालंय, सांगता येणार नाही.

डबल डोअर फ्रीज आहे. वर बर्फ कडक होतो, पण खालच्या कप्प्यात काहीच थंड होत नाही. गॅस भरायला लागेल का?

वर बर्फ होतोय म्हणजे गॅस बहुधा आहे. ही तक्रार नीट समजून घ्या, कारण हिच्यातच लोकांचे पैसे उगाच जातात.

डबल डोअर फ्रीज बहुतेक फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे हिम आपोआप वितळवणारे असतात. त्यांत थंडावा देणारी कॉइल, म्हणजे नळ्यांचं वेटोळं, सहसा एकच असते, फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पडद्याआड. तिथला गार वारा एक पंखा वर आणि खाली ढकलतो. कॉइलवर हिम साचतं, म्हणून काही तासांनी एक हीटर थोडा वेळ लागतो आणि ते वितळवतो. तो हीटर, त्याला चालू-बंद करणारा बायमेटल, फ्यूज, टायमर किंवा कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड), यांतलं काहीही गेलं की हिम वितळत नाही. कॉइलचा बर्फाचा गोळा होतो आणि वारा खाली जायची वाट बुजते. वर कॉइल जवळ असल्यामुळे बर्फ होत राहतो, खाली मात्र भाजी सुकते.

घरच्या घरी तपासता येतं. फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि पूर्ण एक दिवस तसंच राहू द्या. खाली जुनी चादर अंथरा, पाणी बरंच येतं. मग चालू करा. कूलिंग अगदी पूर्ववत झालं आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच, तर दोष डीफ्रॉस्टमध्येच आहे. बायमेटल किंवा हीटर बदलण्याचा खर्च गॅस भरण्यापेक्षा साधारणपणे कमी येतो. काहीच फरक पडला नाही तर पंखा किंवा दुसरं काही बघावं लागेल.

त्याआधी दोन साध्या गोष्टी बघा. वारा येण्याच्या झरोक्यासमोर पातेलं तर ठेवलं नाहीये ना? आणि फ्रीझरमधली खुंटी कुणी शेवटपर्यंत फिरवली आहे का? बऱ्याच मॉडेलमध्ये ती खुंटी थंड वाऱ्याची वाटणी करते. वर जास्त दिलं की खाली कमी येतं.

सिंगल डोअरच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर होतो. काय करू?

बर्फ बोटाच्या निम्म्या जाडीचा झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा. रात्री दाबलं की सकाळी थाळीत पाणी. वाट बघायची नसेल तर प्लग काढून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा.

सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर बर्फाला लावू नका. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. फ्रीझरचा तो पत्रा म्हणजे पातळ ॲल्युमिनियम, आणि त्याच्याच आतून गॅसच्या वाटा जातात. सुरीचं टोक लागलं की 'फुस्स' आवाज येतो आणि क्षणात सगळा गॅस बाहेर. माझ्याकडे येणाऱ्या सिंगल डोअरच्या लीकेजमध्ये हे कारण सगळ्यात जास्त सापडतं, आणि आईस्क्रीमचा डबा चिकटला म्हणून खरवडणाऱ्यांत लहान मुलंही असतात. असं झालंच, तर खिडक्या उघडा आणि जवळ काडी पेटवू नका. आताच्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद आहे, पेट घेतो. प्रमाण अगदी थोडं, घरगुती फ्रीजमध्ये सहसा १०० ग्रॅमपेक्षा कमी, म्हणून घाबरून जाऊ नका. सावध रहा.

मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय. दर दोन वर्षांनी गॅस संपतो का?

नाही. फ्रीजचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तोच फिरत राहतो आणि गळती नसेल तर वीस वर्षंही पुरतो. गॅस कमी झालाय याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. ते न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. काही आठवड्यांत तुम्ही पुन्हा तिथेच.

गळतीची खूण अशी: कॉम्प्रेसर सतत चालतो, फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात हिम धरतं आणि बाकी भाग कोरडा राहतो. नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसतो. कोकणात, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी नळ्या लवकर गंजतात, तिथे हे जास्त होतं.

काम नीट होतंय का हे उभं राहून बघा. मेकॅनिकने आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधली पाहिजे. ती बंद केल्यावर ड्रायर, म्हणजे नळीतला छोटा फिल्टर, नवीन घातला पाहिजे. मग पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची, याला वेळ लागतो. शेवटी मागच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस, लिहिलेल्या वजनाने, काट्यावर मोजून भरायचा. आर-१३४ए हा फ्रीजमधला दुसरा एक गॅस. त्याच्या फ्रीजमध्ये आर-६००ए किंवा उलट भरणं चुकीचं. वीस मिनिटांत "झालं" म्हणणाऱ्याने यातलं बरंच गाळलेलं असतं.

कुठले आवाज साधे आणि कुठले वाईट?

पाणी वाहिल्यासारखी खळखळ म्हणजे नळ्यांतला गॅस. मधूनच 'कट्' म्हणजे थंडीने आकसणारं प्लॅस्टिक. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये चर्र असा आवाज म्हणजे हीटरवर पडलेला थेंब. यांतलं काहीच बिघाड नाही.

वाईट आवाज एक आहे, तो लक्षात ठेवा: 'टक्', मग काही सेकंद 'घूं', पुन्हा 'टक्' आणि शांतता. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा छोटा भाग, त्याला वाचवण्यासाठी तोडतोय. लगेच प्लग काढा. यामागे कमी व्होल्टेज असू शकतं किंवा रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग, गेलेला असू शकतो. तेवढं असेल तर काम स्वस्तात होतं. पण दोन दिवस तसाच चालू ठेवलात तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारांची गुंडाळी, जळते आणि मग कॉम्प्रेसरच बदलावा लागतो.

पत्रा थरथरत असेल तर फ्रीज लेव्हलला नाही. पुढचे पाय फिरवून बघा. पुढची बाजू किंचित उंच ठेवली तर दारही आपोआप लागतं.

स्टॅबिलायझर लागतोच का?

शहरात, व्होल्टेज २३० च्या आसपास स्थिर असेल आणि फ्रीज इन्व्हर्टरचा असेल, तर सहसा नाही. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालेल ते पुस्तिकेत दिलेलं असतं. पण आमच्याकडे मळ्यातल्या वस्तीवर शेतीपंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात. तिथे साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रीजला स्टॅबिलायझर घ्याच, आणि वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून पुरवठा देणारा घ्या.

त्या तीन मिनिटांचं कारण असं. कॉम्प्रेसर बंद पडला की नळ्यांत एका बाजूला दाब जास्त असतो. तो समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी चालू केलं तर चढावर अडकलेल्या गाडीला धक्का मारल्यासारखा भार येतो. म्हणून फ्रीजचं बटण बंद करून लगेच चालू करू नका. वीज जा-ये करत असेल तर बटण बंद करा आणि वीज टिकल्यावर पाच मिनिटांनी लावा. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लगच काढा, कार्ड वाचेल.

एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रीज आणि मिक्सर एकत्र नको. स्वतंत्र सॉकेट द्या.

फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात.

आत्ता, वाचता वाचता उठा, बटण बंद करा आणि प्लग काढा. अर्थिंग नाही किंवा वायर उघडी पडलीय. जाडी, तिसरी पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कापलेले प्लग मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. चपला घालून फ्रीज उघडणं हा उपाय नाही. इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या.

दाराचं रबर गेलंय हे कसं ओळखायचं?

दहा रुपयांची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सरकली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी करा, बिजागरीच्या बाजूला विसरू नका. बरेचदा रबर गेलेलं नसतं, मळलेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्याने घड्यांमधला काळा मळ काढा आणि कोरडं पुसा. वाकडं झालं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर धरा, मऊ झाल्यावर हाताने आकार द्या आणि दार लावून ठेवा. फाटलं असेल तर बदला. दार लागत नसेल तर बाकी सगळी काळजी फुकट.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं.

कॉइलवरून वितळलेलं पाणी एका भोकातून मागच्या ट्रेमध्ये जातं. त्या भोकात कोथिंबिरीचं पान किंवा भाताचं शीत अडकलं की पाणी आत फिरतं. प्लग काढून कोमट पाणी हळूहळू सोडा, मऊ तारेला कापूस गुंडाळून साफ करा. टोकदार काही घालू नका.

मागच्या ट्रेबद्दल स्वतंत्र सांगतो. कॉम्प्रेसरच्या वरची ती थाळी अनेक घरांत वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नसते, आणि त्यातल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं घरी येऊन फ्रीजमागे बॅटरी मारतात ती यासाठीच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला थाळी रिकामी करून घासून पुसा. निघत नसेल तर फडक्याने टिपून घ्या.

पावसाळ्यात दारावर बाहेरून घाम येतो.

हवेत दमटपणा आहे म्हणून. पुसून घ्या. एकाच जागी आणि बाराही महिने येत असेल तर रबर तपासा.

दार लावल्यावर आतला दिवा बंद होतो का, हे कसं बघू?

मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवा आणि मिनिटभराने काढून बघा.

वीज गेल्यावर अन्न किती वेळ चांगलं राहतं?

दार उघडलं नाही तर खालच्या कप्प्यात सुमारे चार तास. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४ तासांच्या आसपास. त्यानंतर दूध, मासे, चिकन, शिजवलेला भात यांचा मोह नको.

घरात पुराचं पाणी शिरलं होतं. वाळल्यावर फ्रीज लावला तर चालेल का?

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आमच्या सांगलीत हा प्रश्न मला दिवसाला कितीतरी लोकांनी विचारला, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा. उत्तर तेच. तुम्ही स्वतः लावू नका. वरून कोरडा दिसला तरी कनेक्शनच्या डब्यात, वायरच्या सांध्यात चिखल असतो. कॉम्प्रेसर सीलबंद असल्यामुळे त्याच्या आत पाणी सहसा जात नाही, तो वाचू शकतो. रिले आणि ओव्हरलोड बदलून, मेगर, म्हणजे वीज कुठे गळते का ते मोजणारं यंत्र, लावून तपासून, मगच चालू करायचा. खरी अडचण फ्रीजच्या भिंतीतल्या पफची, म्हणजे थंडावा धरून ठेवणाऱ्या फोमची. पत्र्याच्या फटीतून त्यात घाण पाणी मुरलं तर थंडावा धरत नाही आणि वास जात नाही. फूटभर पाण्यात उभा राहिलेला फ्रीज मी बरेचदा चालू करून दिलाय. आडवा होऊन दोन दिवस तरंगलेल्यावर मात्र खर्च करू नका म्हणून सांगितलं, आणि ते सांगताना वाईट वाटायचं, कारण पुरानंतर त्या घरात दुसरं काहीच उरलेलं नसायचं. पाणी चढतंय असं कळलं की फ्रीज रिकामा करून, प्लग काढून विटांवर किंवा टेबलावर चढवता आला तर चढवा. आधी माणसं, मग जमलं तर फ्रीज.

सुट्टीत गावी जाताना फ्रीज बंद करावा का?

चार दिवसांसाठी नको. महिनाभर जाणार असाल तर रिकामा करून, पुसून, प्लग काढून दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर बुरशी येईल. घर बदलताना उभाच न्या. आडवा न्यावा लागला तर नव्या घरी काही तास उभा ठेवून मग लावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसतं.

दुरुस्त करू की नवीन घेऊ?

रबर, थर्मोस्टॅट, रिले, बायमेटल, पंखा, यांसाठी कुठल्याही वयाचा फ्रीज दुरुस्त करा. बारा-पंधरा वर्षांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला किंवा भिंतीच्या आतली नळी गळायला लागली तर मी नवीन घ्या म्हणतो. "कॉम्प्रेसरला दहा वर्षं वॉरंटी" यात बरेचदा गॅस, कार्ड आणि मजुरी धरलेली नसते, वॉरंटीचं कार्ड नीट वाचा. नवीन घेताना तारे मोजण्याबरोबर लेबलवर लिहिलेली वर्षाची युनिट्स बघा. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या पाच ताऱ्यांची आणि आजच्या पाच ताऱ्यांची तुलना होत नाही.

जुना फ्रीज भंगारात दिला की तिथे नळी कापतात आणि गॅस हवेत जातो. आर-१३४ए असेल तर तो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त पडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रीज येतो. एक्स्चेंजमध्ये कंपनीला द्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या.

मेकॅनिकला फोन करण्याआधी काय बघून ठेवू?

प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला का? आतला दिवा लागतो का? कॉम्प्रेसर चालतोय की 'टक्' करून थांबतोय? बाजू गरम आहेत की गार? फ्रीझरमध्ये हिम सगळीकडे आहे की एका कोपऱ्यात? आणि फ्रीजच्या मागच्या किंवा आतल्या स्टिकरचा एक फोटो, मॉडेल आणि गॅसचं नाव वाचता येईल असा. उंदीर, पाल किंवा झुरळं दिसली असतील तर तेही सांगा, कारण कुरतडलेल्या वायरी आणि कार्डावर चिकटलेली पाल मी बऱ्याचदा काढल्या आहेत. एवढं फोनवर कळलं तर योग्य सुटा भाग पिशवीत घालूनच निघता येतं, आणि तुमचं दूध त्याच संध्याकाळी पुन्हा गार होतं.